गावच्या वाचनालयाच्या विश्वस्त मंडळावर निवड झाली आहे, काम नेमकं कसं करावं?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाच्या विश्वस्त मंडळावर माझी निवड झाली. गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणाकडे बोट दाखवलं जाऊ नये. संस्था १९५१ सालची, आपण मुंबई राज्यात होतो तेव्हाची. माझे आजोबा पहिल्या सभासदांपैकी. मी हायस्कूलला मराठी शिकवते. लहानपणी मे महिन्यात ग्रंथपालकाका कुलूप काढायच्या आधीच मी पायरीवर जाऊन बसलेली असायची. निवड झाली त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढा आनंद झाला होता.

पहिल्या बैठकीला गेले. सातपैकी चार विश्वस्त आले होते. चहा झाला, जुन्या आठवणी झाल्या, मग इतिवृत्ताची वही पुढे आली. "ताई, इथं सही करा." पान कोरं होतं. मजकूर नंतर लिहितात म्हणे. मी म्हटलं, लिहून झालं की करते. थोडी शांतता पसरली.

आधीच सांगते, यातलं कुणी वाईट नाही. यातल्या दोघांनी वीस-वीस वर्षं वेळप्रसंगी स्वतःच्या खिशातून वीजबिल भरलं आहे. वाचनालय आज उघडं आहे ते त्यांच्यामुळे. पण संस्थेच्या घटनेची, म्हणजे नियमावलीची, प्रत कुणाकडे आहे हे कुणालाच सांगता आलं नाही. आणि तीन विषय असे निघाले की मी घरी येऊन विचार करत बसले.

रस्त्याकडची पडवी पाडून तिथे चार गाळे काढायचे आणि भाड्यावर वाचनालय चालवायचं. एका विश्वस्तांचा पुतण्या बांधकाम करतो, तो स्वस्तात करून देईल.

मागच्या खोलीतली जुनी पुस्तकं रद्दीत घालायची. हजारभर तरी असतील.

छप्पर. मंगळुरी कौलं आहेत. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जुलैत मागची भिंत ओली होते आणि कपाटं नेमकी त्याच भिंतीला टेकलेली.

मला विचारायचं आहे ते इतकंच: विश्वस्ताने काय करायचं असतं आणि कशात पडायचं नसतं? मला सगळंच करावंसं वाटतंय आणि त्याचीच भीती वाटते.

दाखल_क्रमांक

ताई, अभिनंदन. चौतीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढली, आता निवृत्त आहे. तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलो.

विश्वस्ताने कपाटाला हात लावायचा तो वाचक म्हणून. वर्गणी भरून, कार्डावर नोंद करून. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक विश्वस्त होते, व्यासंगी माणूस. ते थेट आत यायचे, चार पुस्तकं काखेत घ्यायचे आणि निघायचे. नोंद नाही. मी पंचविशीतला, त्यांना अडवणार कसा? ते गेल्यावर त्यांच्या मुलाने पोतं भरून पुस्तकं आणून दिली. त्यातली काही पुस्तकं मी वाचकांना "हरवलं" म्हणून सांगितली होती. एका शाळकरी मुलीला तर दोनदा सांगितलं होतं. ते मला अजून लागतं.

देवघेव, मांडणी, वर्गीकरण, नियमात राहून कुणाला किती दिवसांची मुदत द्यायची, हे ग्रंथपालाचं काम. मुदत किती असावी, दंड किती, अनामत किती, वेळ काय, पुस्तकखरेदीला वर्षाला किती रक्कम आणि त्यातली बालवाङ्मयाला किती, हे ठरवणं मंडळाचं काम. मंडळ नियम ठरवतं, ग्रंथपाल नियम चालवतो. हा फरक पाळला नाही की ग्रंथपालाला सात मालक होतात. एक म्हणतो कादंबऱ्या पुढे लाव, दुसरा म्हणतो धार्मिक पुढे लाव, आणि तो बिचारा ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो.

तुमच्याकडे ग्रंथपाल आहेत का? त्यांना पगार किती, वेळेवर मिळतो का, बैठकीला बोलावता का? हे तुमच्या पोस्टमध्ये कुठेच आलं नाही. माझ्या मते विश्वस्ताने पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न तोच.

रद्दीबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे झालेलं नुकसान भरून येत नाही. पुस्तक बाद करायची रीत असते. आधी दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद असते ती) समोर घेऊन पडताळणी. नोंदवहीतला दाखल क्रमांक आणि पुस्तकावरचा क्रमांक जुळवायचा. मग वेगळे ढीग. पानं गेलेली, वाळवी लागलेली, एकाच पुस्तकाच्या चार प्रती, कालबाह्य झालेली गाइडं. त्यांची क्रमांकवार यादी, ती मंडळापुढे, ठराव, नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात "बाद", ठरावाची तारीख आणि सही. त्यानंतर विक्री, आणि विक्रीची पावती हिशेबात.

आणि ढिगात घालायच्याच नाहीत अशा गोष्टी: स्मरणिका. आपल्या भागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी अशा गावांनी स्वतःच्या हिमतीवर साहित्य संमेलनं भरवली. त्या स्मरणिका तुम्हाला मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात मिळतीलच असं नाही. शाळांची हस्तलिखितं, जुन्या सोसायट्यांचे अहवाल, मासिकांच्या बांधीव फायली, गावातल्या कुणी छापलेला कवितासंग्रह, नाटकाची हस्तपत्रकं. रद्दीवाल्याच्या तराजूत त्यांचं वजन किरकोळ असतं, पण गावाने स्वतःबद्दल लिहिलेलं तेवढंच उरलेलं असतं.

आणि कपाटं आजच्या आज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. त्याला ठराव लागत नाही.

टिळकवाडीकर

मी बेळगावात एका संस्थेचा बारा वर्षं कार्यवाह होतो. वाचनालय नाही, पण कागदपत्रं सगळीकडे सारखीच.

कोऱ्या इतिवृत्तावर सही न करणं बरोबर. पुढच्या वेळी एक पाऊल पुढे जा: "मी लिहून आणते" म्हणा. सात-आठ दिवस आधी विषयपत्रिका, बैठक झाली की आठवड्याच्या आत इतिवृत्त, पुढच्या बैठकीत पहिला विषय म्हणजे मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. इतिवृत्तात कोण काय बोललं याची कथा नको. काय ठरलं, कुणी करायचं, किती तारखेपर्यंत. कुणाचा विरोध असेल तर त्याच्या नावानिशी. विरोध नोंदवला तर भांडण वाढतं असं लोकांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. नोंदवला की माणूस शांत होतो, कारण त्याचं म्हणणं कागदावर राहिलेलं असतं.

घटनेची प्रत नसेल तर निबंधकांच्या कचेरीतून नक्कल मागवा. तुमची संस्था आता कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली येत असणार. हे काम सहकार खात्याच्या कचेरीत चालतं. दरवर्षी सर्वसाधारण सभा घ्यायची आणि ती झाली की चौदा दिवसांच्या आत मंडळाची यादी आणि तपासलेला ताळेबंद तिथे द्यायचा. आपल्याकडच्या किती तरी मराठी संस्थांनी हे वर्षानुवर्षं केलेलं नसतं. काम प्रामाणिक असतं, कागद नसतो. मग एखाद्या दिवशी दोन गट पडतात, कुणीतरी तक्रार करतं, चौकशी लागते आणि संस्थेवर प्रशासक येऊ शकतो. सत्तर वर्षांची संस्था एका न दिलेल्या यादीपायी अडचणीत आलेली पाहिली आहे, म्हणून कळकळीने लिहितोय.

पत्रव्यवहार कन्नडमध्ये येतो. न वाचता फाइलला लावलेली पत्रंच पुढे नडतात. कन्नड नीट वाचता येणारा एक माणूस मंडळावर हवाच. पाटीचंही तसंच. पाटीवर साठ टक्के कन्नड असावं असा २०२४ चा कायदा आहे. त्याबद्दल प्रत्येकाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे, माझ्याही मनात आहे. पण पाटीचा निर्णय बैठकीत, कायदा वाचून, वकिलाला विचारून घ्या. रात्री कट्ट्यावर घेऊ नका. वाचनालय चालू राहणं महत्त्वाचं.

मलप्रभाकाठ

काका, तुमचा प्रश्न जिव्हारी लागला. ग्रंथपाल आहेत. अर्धवेळ. मी आज त्यांच्याकडे जाऊन आले. चार महिन्यांचं मानधन थकलंय आणि त्यांनी कुणाला सांगितलं नाही. बैठकीला त्यांना बोलावत नाहीत, चहा मात्र तेच आणतात. मी बैठकीत त्यांच्या हातून चहा घेतला होता आणि मला हे सुचलंच नाही.

टिळकवाडीकर सर, घटनेचा शोध सुरू आहे. माजी अध्यक्षांच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे असं कळलंय.

हिशेबी_माणूस

ट्रंक उघडाल तेव्हा दानपत्र शोधा. गाळ्यांचा विषय आर्थिक आहे असं सगळ्यांना वाटतं, पण तो आधी कागदाचा आहे. जागा कुणी दिली, कशासाठी दिली, "वाचनालयासाठीच" अशी अट आहे का? उतारा कुणाच्या नावावर आहे, संस्थेच्या की १९५१ सालच्या एखाद्या पंचाच्या? पंचायतीकडे ई-स्वत्तूमध्ये, म्हणजे मालमत्तांच्या ऑनलाइन नोंदीत, नोंद झाली आहे का, नमुना ९ आणि ११ हे तिथले उतारे निघतात का? हे होईपर्यंत एक वीटही काढू देऊ नका. अट मोडून गाळे काढले तर देणाऱ्याचे वारस कोर्टात जाऊ शकतात.

पुतण्याचं म्हणाल तर तो उत्तम बांधकाम करत असेलही. पण मग तीन दरपत्रकं बंद पाकिटात मागवा, पाकिटं बैठकीत सगळ्यांसमोर उघडा आणि त्या विषयापुरते ते विश्वस्त बाहेर बसू देत. आणि हे इतिवृत्तात लिहा. यात त्यांचा अपमान नाही, उलट उद्या गावाने बोट दाखवलं तर तोच कागद त्यांना वाचवेल. ते त्यांना असंच समजावून सांगा, आधी, घरी जाऊन. बैठकीत एकदम काढू नका.

आता अनामत. वाचनालयांच्या हिशेबात सगळ्यात जास्त गोंधळ इथे असतो. वर्गणी हे उत्पन्न. अनामत हे उत्पन्न नव्हे, ते देणं आहे. सभासद पुस्तक परत करून नाव कमी करेल तेव्हा ती रक्कम त्याला परत द्यायची आहे. ताळेबंदात ती देणे बाजूला दिसायला हवी आणि तेवढे पैसे वेगळ्या ठेवीत असायला हवेत. छोट्या संस्था अनामत जमा करतात आणि त्यातून वर्तमानपत्रांचं बिल भागवतात. कुणी खाल्लेले नसतात, पण पैसे नसतात.

खात्यावर दोन सह्या. रोख देणगीची पावती त्याच दिवशी. प्राप्तिकराची १२अबी (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी आहे का बघा. नसेल तर बाहेरगावी गेलेले गावकरी देणगी द्यायला कचरतात. ८०जी असेल तर दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीला धरत नाहीत, म्हणून चेक किंवा ऑनलाइन घ्या. आणि वर्षभराच्या देणगीदारांचं विवरणपत्र ३१ मेच्या आत भरायचं असतं, ते विसरलं की देणगीदाराला सवलत मिळत नाही आणि तो पुन्हा देत नाही.

शेवटचा_बाक

मी वाचनालयातला पोरगा आहे. या गावचा नाही, निपाणीकडचा, पण परिस्थिती तीच.

ताई, तुम्ही तीन विषय लिहिलात, गाळे, रद्दी, छप्पर. सगळे इमारतीचे आणि कागदाचे. आमचा विषय कुठे आहे? आम्ही दहा-बारा जण रोज वाचनालयात बसतो. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), पोलीस, बँक अशा परीक्षा देतो. घरी दोन खोल्या आणि सहा माणसं, टीव्ही चालू. वाचनालय संध्याकाळी पाच ते आठ उघडं. आम्हाला पहाटे पाहिजे. विश्वस्तांना सांगायला गेलो तर म्हणाले, इथं साहित्य वाचायला येतात, परीक्षेचं घरी करा.

मी साहित्यपण वाचतो. पण आधी पोट. कन्नडचा सक्तीचा पेपर असतो, मी मराठी माध्यमातून शिकलो, एकदा त्या पेपरात गेलो. एक चांगलं कन्नड व्याकरणाचं पुस्तक वाचनालयात असतं तर? मागितलं तर म्हणाले, हे मराठी वाचनालय आहे.

विश्वस्त निवडून येतात ते सर्वसाधारण सभेतून. त्या सभेत आम्हाला मत नाही, कारण आजीव सभासदांनाच मत. आणि आजीव सभासद वाचायला येत नाहीत. हे बघा कुठेतरी.

सीमेवरचा

भावा, तुझी अडचण समजते. पण दुसरी बाजूही लिहितो. आमच्या भागात मराठी पुस्तक विकत मिळणं अवघड, मराठी शाळांचे पट कमी होत चाललेत, मराठी वाचनालयाला सरकारी आधार जवळपास नाही. कर्नाटकात ग्रंथालय उपकर घेतला जातो, १९६५ च्या कायद्याने, मालमत्ता कराच्या रुपयामागे सहा पैसे. तो जातो सरकारी ग्रंथालयांच्या यंत्रणेकडे. पलीकडे महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने अ, ब, क, ड वर्गाच्या वाचनालयांना अनुदान मिळतं, ते आपल्याला लागू नाही. म्हणजे कर इकडे भरायचा आणि मराठी पुस्तकं स्वतःच्या वर्गणीतून घ्यायची. वर्षाला पाच-सात हजारांची खरेदी. त्यातून कन्नड व्याकरण आणि परीक्षेची पुस्तकं घेतली तर कविता, कथा, मुलांची पुस्तकं कशी घ्यायची? दुसरं कुणी घेणार नाही, म्हणून आपण घ्यायची. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून उभं आहे ते लोकांनी हे ओझं उचललं म्हणून.

दाखल_क्रमांक

दोघांचंही खरं आहे, आणि हाच विश्वस्त मंडळाचा खरा विषय आहे. गाळे नव्हेत.

सीमेवरचा, तुमची काळजी मी नोकरीभर वाहिली. पण एक सांगतो. जो पोरगा पहाटे परीक्षेसाठी येतो, तो कंटाळला की उठून कपाटापाशी जातो आणि काहीतरी उचलतो. माझ्याकडचे कवितेचे सगळ्यात चांगले वाचक असेच आलेले आहेत. जो वाचनालयात पाऊलच ठेवत नाही, त्याच्यासाठी घेतलेली कविता कपाटात राहते. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली, त्यातलं पहिलंच आहे की पुस्तकं वापरासाठी असतात.

आणि पैशाचा तिढा सुटतो. परीक्षेची पुस्तकं वाचनालयाच्या पैशातूनच घ्यायला पाहिजेत असं नाही. ग्रामपंचायतीचं ग्रंथालय गावात असेल. २०१९ पासून ती ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याकडे गेली, आता अरिवु केंद्र म्हणतात. त्यांच्याकडे कन्नड आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं असतात, बसायला जागा कमी. तुमच्याकडे जागा आहे. दोन्ही ग्रंथपालांना एकत्र बसवा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्याही योजना आहेत, १९७२ पासूनची संस्था. पण तिथे अर्ज करायचा तर हिशेब तपासलेले, नोंदणी चालू, हे लागतंच. म्हणजे फिरून टिळकवाडीकर आणि हिशेबी यांच्या मुद्द्यावर यावं लागतं.

निपाणी_ते_न्यूजर्सी

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळची निपाणीची, गेली अठरा वर्षं न्यू जर्सीत. गेल्या वर्षी इथल्या गावच्या ग्रंथालयाच्या विश्वस्त मंडळावर माझी नेमणूक झाली. दोन्हीकडचं पाहिल्यामुळे लिहिते. तुलना करून नावं ठेवायला नाही.

इथल्या नगर ग्रंथालयाच्या मंडळावर सात जण. महापौर आणि शाळांचे अधीक्षक पदसिद्ध (किंवा त्यांनी पाठवलेली माणसं) आणि पाच नागरिक. नागरिकांची मुदत पाच वर्षांची, पण सगळ्यांची एकदम संपत नाही, दरवर्षी एकाचीच संपते. त्यामुळे मंडळ एका रात्रीत नवखं होत नाही आणि एकाच लोकांकडे अडकूनही राहत नाही. ताई, घटना दुरुस्त कराल तेव्हा ही एक गोष्ट जरूर घ्या.

पैसा कायद्याने ठरलेला. घराच्या किमतीवर दर डॉलरला एक तृतीयांश मिल. मिल म्हणजे डॉलरचा हजारावा भाग. तीन लाख डॉलर मूल्याच्या घरामागे शंभर डॉलर ग्रंथालयाला. इतकी शाश्वती असल्यावर मंडळाला पुढच्या पाच वर्षांचा विचार करता येतो. आपल्याकडे पुढच्या महिन्याच्या वीजबिलाचा विचार करावा लागतो, आणि तरीही लोक वाचनालयं चालवतात. माझ्या इथल्या सहकाऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी मला जे शिकवलं ते असं: बैठकीबाहेर तुला काही अधिकार नाही. एकट्या विश्वस्ताचा शब्द म्हणजे एका वाचकाचा शब्द. अधिकार मंडळाचा, आणि तो फक्त रीतसर बोलावलेल्या बैठकीत. बैठक लोकांसाठी खुली, आधी सूचना लावलेली. इथे १९७५ चा कायदाच आहे तसा. कुणीही येऊन मागे बसतं, शेवटी पाच मिनिटं बोलतं. आमच्या बैठकीला एक आजी दर महिन्याला येतात आणि मोठ्या अक्षरातली पुस्तकं वाढवा म्हणून सांगतात. वाढवली.

आणखी एक. ठराव माझ्या मताविरुद्ध झाला तरी बाहेर तो मंडळाचा ठराव म्हणूनच सांगायचा. मला हे जड गेलं. सुट्टीच्या दिवशी ग्रंथालय बंद ठेवायच्या ठरावाला माझा विरोध होता. दुसऱ्या दिवशी दुकानात एकीने विचारलं, तेव्हा "मी नाही म्हटलं होतं" हे शब्द ओठांवर आले होते. गिळले. पुढच्या वर्षी आकडे घेऊन तोच विषय पुन्हा मांडला.

शेवटचा_बाक

मागे बसून शेवटी पाच मिनिटं बोलायचं. हे आपल्याकडे का नाही होऊ शकत? याला पैसे लागत नाहीत.

टिळकवाडीकर

होऊ शकतं. घटनेत मनाई नसेल तर साधा ठराव पुरे. मतदानाचा हक्क मात्र घटनादुरुस्तीशिवाय देता येणार नाही, त्यासाठी सर्वसाधारण सभाच लागेल.

मलप्रभाकाठ

पाच आठवड्यांनी लिहितेय. उशीर झाला, क्षमा असावी. मधे दहावीचे जादा तास होते.

ट्रंक मिळाली. घटना मिळाली, १९५१ सालच्या टाइपातली, कडा कसरीने खाल्लेल्या. सगळी पानं आहेत. दानपत्रही मिळालं. जागा देणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की ही जागा "वाचनालय व व्यायामशाळा यांच्याच उपयोगासाठी". हिशेबी दादा, तुमचा शब्द न् शब्द खरा ठरला. ज्यांच्या पुतण्याचा विषय होता त्यांच्या घरी मी आणि अध्यक्ष आधी जाऊन आलो. त्यांनी दानपत्र चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "हे मला कुणी दाखवलं असतं तर मी विषयच काढला नसता." बैठकीत त्यांनीच गाळ्यांचा प्रस्ताव मागे घेतला. पुतण्या कौलं बदलून द्यायला तयार आहे, पण तिथेही आम्ही तीन दरपत्रकं मागवली आहेत आणि तसं त्याला सांगितलंय. तो नाराज नाही.

अनामत मोजली. मी आणि ग्रंथपालकाकांनी चार संध्याकाळी बसून जुन्या पावतीपुस्तकांवरून काढली. पाच रुपयांपासून दोनशे रुपयांपर्यंतच्या अनामती. एकूण ४६,३५० रुपये परत द्यायचे आहेत आणि बँकेत ३८,९०० आहेत. म्हणजे ७,४५० रुपयांची तूट. कुणी उचललेले नाहीत, वर्तमानपत्रं आणि विजेत गेले. बैठकीत हा आकडा वाचताना माझा आवाज कापत होता. मला वाटलं चिडतील. खजिनदार म्हणाले, वीस वर्षं मला वाटत होतं काहीतरी चुकतंय, कळत नव्हतं काय. तूट दोन वर्षांत भरायची आणि अनामत वेगळ्या ठेवीत ठेवायची असा ठराव झाला. ग्रंथपालकाकांचं थकलेलं मानधन मात्र आम्ही विश्वस्तांनी आधी वर्गणी काढून द्यायचं ठरवलं. त्यावर माझं मत असं होतं की हे संस्थेच्या हिशेबातून जायला हवं, खिशातून नको. नाहीतर पुन्हा तेच चक्र. ती रक्कम देणगी म्हणून पावती करून मग दिली. या महिन्यापासून काका बैठकीला बसतात, त्यांचा महिन्याचा अहवाल हा दुसरा विषय असतो. चहा आम्ही आळीपाळीने आणतो.

पहाटेची वेळ. शेवटचा_बाक, हे तुझ्यासाठी लिहितेय. मी गावातल्या मुलांना विचारलं, अकरा जण पुढे आले. त्यात पाच मुली. हे कुणाच्याच डोक्यात नव्हतं. सकाळी सहा ते नऊ बाहेरचा दिवाणखाना उघडा राहील, किल्ली आठवड्याला दोघांकडे, नावं ठरावात लिहिलेली, पुस्तकांची कपाटं त्या वेळेत बंद. ग्रंथपालकाकांना काळजी होती की काही गेलं तर जबाबदारी कुणाची. ती मंडळाची, असं ठरावात स्पष्ट लिहिलं, त्यानंतरच ते हो म्हणाले. अरिवु केंद्रातून कन्नड व्याकरणाच्या तीन प्रती बसून वाचायला मिळाल्या आहेत. तिथल्या बाई स्वतः घेऊन आल्या.

वाचकाने बैठकीच्या शेवटी पाच मिनिटं बोलायचा ठराव चार विरुद्ध दोन मतांनी झाला. मतदानाच्या हक्काचा विषय सर्वसाधारण सभेपुढे जाईल, तिथे काय होईल सांगता येत नाही. दोन ज्येष्ठांचा तीव्र विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं मी इतिवृत्तात पूर्ण लिहिलंय. पाटीचा विषय वकिलांकडे आहे.

रद्दी थांबवली. मागच्या खोलीत पहिल्याच दिवशी संमेलनांच्या स्मरणिकांचा एक गठ्ठा मिळाला, सुतळीने बांधलेला, त्यावर माझ्या आजोबांच्या अक्षरात "जपून ठेवणे". पडताळणी या रविवारी सुरू करतोय. दाखल नोंदवहीचे चार खंड आहेत, पहिल्याची शिवण सुटली आहे. काका, कुठून सुरू करू?

दाखल_क्रमांक

कुठूनच करू नका. रविवारी सकाळच्या गाडीने खानापूरला उतरतो. पहिला खंड टेबलावर काढून ठेवा, पुसू नका, दोरा ओढू नका. शिवणीचं सामान मी घेऊन येतो. पुस्तकं उतरवायला चार पोरं आणि क्रमांक वाचायला दोन जण लागतील, एकाने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची. नाकाला बांधायला सगळ्यांना रुमाल.

शेवटचा_बाक

काका, मी आणि एक मित्र निपाणीहून मोटरसायकलने येतोय. स्टँडवर तुम्हाला घ्यायला थांबतो. ताई, गावचं नाव मला वेगळ्याने कळवा.